एका नावातील दोन चुका

रोगांना नावे कशी मिळतात, हा इतिहासाच्या वाचकाने कधीतरी सवडीने पाहावा असा विषय आहे. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थ 'दूषित हवा'. तो रोग हवेने नव्हे, डासांमुळे होतो हे सिद्ध होऊन सव्वाशे वर्षे उलटली, तरी नाव तेच राहिले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला 'स्पॅनिश' हे विशेषण चिकटले ते स्पेनमधील वृत्तपत्रांनी साथीच्या बातम्या मोकळेपणाने छापल्या म्हणून. ती साथ तेथे सुरू झाली म्हणून नव्हे. आपल्याकडे एका रोगाला थेट 'देवी' म्हटले गेले, आणि तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाला तरी शब्द राहिला. रोगाचे नाव हे बहुधा त्या रोगाचे वर्णन नसते. नाव ठेवणाऱ्यांच्या त्या दिवशीच्या समजुतीचा तो शिक्का असतो.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका नावाची कथा सांगणार आहोत. 'कॉक्सिडिऑइडिस इमिटिस' हे ते नाव. ते एका बुरशीचे आहे. ही बुरशी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या मातीत, तसेच मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिकेच्या काही शुष्क भागांत राहते, आणि धुळीबरोबर माणसाच्या फुप्फुसात शिरते. या नावातील पहिल्या शब्दाचा अर्थ 'कॉक्सिडिया नामक एकपेशीय प्राण्यासारखा', आणि दुसऱ्याचा अर्थ 'जो सौम्य नाही तो'. दोन्ही शब्द चुकीचे आहेत. ही बुरशी आहे, प्राणी नव्हे. आणि तिचा संसर्ग बहुतेक वेळा सौम्यच असतो. या दोन चुका कशा झाल्या आणि कशा उमगल्या, हे पाहता पाहता आमच्या लक्षात आले की चुका दुरुस्त होणे हा या कथेचा शेवट नाही.

आरंभ १८९२ सालचा, ब्वेनोस आयरेसचा. तेथील वैद्यकाचा एक विद्यार्थी, आलेहांद्रो पोसादास, याच्यासमोर अर्जेंटिनाच्या सैन्यातील एक सैनिक आला. त्याच्या चेहऱ्यावर व अंगावर गाठी उठल्या होत्या आणि त्या बऱ्या होत नव्हत्या. पोसादासने गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्याला जाड कवचाचे गोल दिसले. काही गोलांच्या पोटात लहान लहान गोल दाटीने भरलेले होते. त्याने व त्याचे शिक्षक रोबेर्तो वेर्निके यांनी असा तर्क केला की हा कॉक्सिडियाच्या जातीचा एकपेशीय परजीवी असावा. पोसादासने हा रुग्ण सोडला नाही. १८९८ मध्ये तो सैनिक मरण पावेपर्यंत त्याच्या रोगाची वाटचाल तो नोंदवीत राहिला.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात तसाच एक रुग्ण सापडला. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेला हा मजूर सॅन वाकीन खोऱ्यात राबत होता. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद एमेट रिक्सफर्ड यांनी त्याच्यावर उपचार केले, पण रोग हटला नाही आणि रुग्ण दगावला. रिक्सफर्ड यांनी बाल्टिमोरच्या गिलख्रिस्ट यांच्यासह १८९६ मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. परजीवींचे तज्ज्ञ चार्ल्स स्टाइल्स यांचा सल्ला त्यांनी घेतला होता. हे प्राणीच आहेत असे सर्वांचे मत पडले. रुग्णांची अवस्था पाहता 'असौम्य' हे विशेषणही रास्तच वाटले. नाव कायम झाले.

येथे एक गोष्ट नोंदवणे न्यायाचे होईल. या मंडळींच्या तपासणीत उणे असे काही राहिले नव्हते. उलट आपण जे पाहतो आहोत ते बुरशी नाही, असे समजण्यास त्यांच्याकडे सबळ कारण होते. रुग्णाच्या गाठीतील पू संवर्धनाच्या माध्यमावर लावला की पांढरी, कापसासारखी बुरशी उगवे, आणि ती बाहेरून पडलेली घाण समजून फेकून दिली जाई. पुन्हा प्रयोग करावा, तर पुन्हा बुरशी. १९०० साली विल्यम ऑफ्युल्स व हर्बर्ट मॉफिट यांनी ती 'घाण' फेकली नाही. त्यांनी ती प्राण्यांना टोचली. प्राण्यांना तोच रोग झाला, आणि त्यांच्या शरीरात तेच जाड कवचाचे गोल आढळले. ज्याला प्रयोगातील दोष समजले जात होते, तेच प्रयोगाचे उत्तर होते.

हा घोटाळा का झाला, ते समजण्यासाठी या बुरशीची दोन रूपे ध्यानात घ्यावी लागतात. मातीत ती तंतूंच्या रूपाने वाढते. पाऊस पडून गेला, ओल राहिली, की तंतू पसरतात. मग माती वाळते. तंतूंतील एकाआड एक पेशी मरून पोकळ होतात, आणि उरलेल्या पेशी नाजूक दुव्यांवर तुटून सुट्या होतात. हे तिचे बीजाणू. त्यांचा आकार असतो दोन ते पाच मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा-विसावा भाग. इतका बारीक कण नाकात किंवा घशात अडत नाही. तो थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. शरीराच्या उबेत मात्र तो तंतू होत नाही. तो फुगून गोल होतो, त्याच्या आत शेकडो लहान बीजे तयार होतात, गोल फुटतो, आणि प्रत्येक बीजाचा नवा गोल होऊ शकतो. म्हणजे मातीतला जीव आणि माणसातला जीव एकच, पण त्यांचे चेहरे एकमेकांना ओळख न दाखवणारे. पोसादासला फक्त दुसरा चेहरा दिसला होता. हे फुप्फुसातील रूप खोकल्यावाटे दुसऱ्याला बाधत नाही. क्षयाप्रमाणे हा रोग माणसाकडून माणसाकडे जात नाही. तो प्रत्येकाला मातीकडूनच मिळतो.

पहिली चूक अशी आठ वर्षांत निस्तरली. दुसरीला तीन दशकांहून अधिक काळ लागला. तिच्या निरसनाचे निमित्त झाला तो एक अपघात.

१९२९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नेस्ट डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत हॅरल्ड चोप नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी काम करीत होता. त्याने बुरशीची एक जुनी, वाळलेली तबकडी उघडली आणि ती निरखून पाहताना बीजाणू श्वासावाटे आत घेतले. काही दिवसांनी त्याला ताप आला, छातीत दुखू लागले, न्यूमोनिया झाला, पायांवर लालसर दुखऱ्या गाठी उठल्या. त्याच्या थुंकीत तीच बुरशी सापडली. तोवर या रोगाचे माहीत असलेले बहुतेक रुग्ण मेले होते. हा विद्यार्थी मात्र काही आठवड्यांत बरा होऊन पुन्हा कामाला लागला.

डिक्सन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. 'जो सौम्य नाही' तो सौम्य कसा वागला? एक उत्तर असे की हा विद्यार्थी नशीबवान होता. दुसरे उत्तर असे की हा रोग बहुतेकांशी असाच वागत असावा, आणि आजवर आपण फक्त उरलेल्या दुर्दैवी रुग्णांना पाहत आलो आहोत. रुग्णालयाच्या दारापर्यंत जे पोहोचतात त्यांच्यावरून रोगाची ओळख ठरवली, तर प्रत्येक रोग भयंकरच दिसणार. घरी अंथरुणावर पडून बरे होणाऱ्यांची नोंद कोण ठेवतो?

ती नोंद सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला, कर्न जिल्ह्यात, लोकांच्या बोलण्यात होती. तेथील शेतकरी व मजूर एका तापाला फार पूर्वीपासून 'खोऱ्यातला ताप' म्हणत आले होते. कोणी त्याला 'वाळवंटी संधिवात' म्हणे, कारण त्यात सांधे धरत. नवा माणूस खोऱ्यात आला की उन्हाळ्या-हिवाळ्याच्या सुमारास त्याला हा ताप येई, पायांवर गाठी उठत, काही आठवड्यांनी तो बरा होई, आणि पुन्हा त्याला तो कधी येत नसे. स्थानिक डॉक्टरांना हे ठाऊक होते, पण त्याचे कारण ठाऊक नव्हते. कर्न जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या डॉ. मर्नी गिफर्ड यांनी या गाठी उठलेल्या रुग्णांवर बुरशीच्या अर्काची त्वचा-चाचणी करून पाहिली. रुग्णांनी प्रतिसाद दिला. १९३६-३७ मध्ये गिफर्ड व डिक्सन यांनी निष्कर्ष मांडला की खोऱ्यातला साधा ताप आणि पोसादासच्या सैनिकाला मारणारा रोग हे एकच आहेत. त्याआधीच, १९३२ साली, स्ट्युअर्ट व मेयर यांनी डिलानो गावाजवळच्या मातीतून ही बुरशी वेगळी काढली होती. माती, धूळ, ताप आणि मृत्यू असे चारही दुवे आता जुळले.

ज्ञानाच्या इतिहासातील हा प्रसंग आम्हाला फार बोलका वाटतो. विद्वानांनी ठेवलेले नाव दोन्ही अंगांनी चुकले. अडाणी समजल्या गेलेल्या लोकांनी ठेवलेले नाव बरोबर होते. 'खोऱ्यातला ताप' या शब्दांत रोगाचे कारण नाही, पण रोगाचा पत्ता आहे. आणि या रोगाबाबत पत्ता हीच सर्वांत मोलाची माहिती आहे.

पुढचे काम चार्ल्स स्मिथ यांचे. डिक्सन यांच्या सांगण्यावरून हा तरुण प्राध्यापक कर्न व टुलारे जिल्ह्यांत आपल्या मोटारीने गावोगाव फिरला आणि चारशेहून अधिक रुग्णांचा त्याने माग काढला. तो काळ मोठ्या स्थलांतराचा होता. ओक्लाहोमा व आसपासच्या राज्यांत दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठवलेली हजारो कुटुंबे कॅलिफोर्नियाच्या शेतांत काम शोधीत आली होती. एका धुळीपासून पळालेली ही माणसे दुसऱ्या धुळीच्या तावडीत सापडली. संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांनी ताप येतो, नवागतांना अधिक येतो, कोरड्या महिन्यांत वाढतो, आणि एकदा बरा झालेला माणूस बहुधा जन्मभर सुरक्षित राहतो, हे स्मिथ यांनी दाखवले. आज आपण जे आकडे वाचतो ते याच वाटेने आलेले आहेत. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना काहीच जाणवत नाही. बहुतेक बाकीच्यांना ताप, खोकला, छातीत दुखणे, रात्रीचा घाम आणि आठवडेच्या आठवडे न जाणारा थकवा सोसावा लागतो. पाच ते दहा टक्क्यांना फुप्फुसाचा दीर्घ विकार जडतो. सुमारे एक टक्क्यात बुरशी फुप्फुसाबाहेर पसरते: त्वचेत, हाडांत, मेंदूच्या आवरणात. 'असौम्य' हे नाव या एका टक्क्यावरून पडले होते.

दुसऱ्या महायुद्धात या ज्ञानाची कसोटी लागली. अमेरिकी सैन्याने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी विमानतळ बांधले ते नेमके सॅन वाकीन खोऱ्यात आणि ॲरिझोनात, कारण तेथे आकाश वर्षभर निरभ्र असते. जेथे आकाश निरभ्र, तेथे जमीन कोरडी. हे गणित कोणी मांडले नव्हते. वैमानिक आजारी पडू लागले. सैन्याने स्मिथ यांना बोलावले. त्यांचे उपाय अगदी साधे होते. उघड्या जमिनीवर हिरवळ लावा. रस्ते पक्के करा. मैदानांवर तेल शिंपडा. धुळीत खेळण्याऐवजी पोहायला जा. या उपायांनी संसर्गाचे प्रमाण अर्ध्याने ते दोन-तृतीयांशाने घटले. औषध नव्हते, लस नव्हती, गवत होते. धूळ रोखली की रोग रोखता येतो, हे १९४६ पर्यंत आकड्यांनिशी सिद्ध झालेले होते.

येथे ही कथा संपावयास हवी होती. प्रत्यक्षात तिचा अवघड भाग येथून सुरू होतो.

ज्या वर्षांत वैमानिकांसाठी हिरवळ लावली जात होती, त्याच वर्षांत ॲरिझोनातील गिला नदीकाठच्या छावणीत हजारो जपानी-अमेरिकी नागरिकांना कुटुंबांसह आणून ठेवले होते. त्यांच्यापैकीही काहींना हा ताप झाला. पण राहण्याची जागा निवडण्याचा किंवा सोडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. खोऱ्यातील द्राक्षमळ्यांत राबणारे फिलिपिनो व मेक्सिकन मजूर रोज माती उकरीत होते. फिलिपिनो आणि कृष्णवर्णीय लोकांत हा रोग शरीरभर पसरण्याचा धोका अधिक असतो, हे स्मिथ यांच्या युद्धकालीन नोंदींतच दिसले होते. १९६५ साली लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांतील प्रसिद्ध संप सुरू केला आणि सेसार चावेस यांची संघटना त्यात सामील झाली, तो डिलानो गावात. हे तेच डिलानो, जेथील मातीत १९३२ मध्ये बुरशी सापडली होती. संप मजुरीसाठी होता, बुरशीसाठी नव्हता. तरीही गावाच्या नावाचा हा योगायोग आम्हाला केवळ योगायोग वाटत नाही. विज्ञानाच्या इतिहासातले डिलानो म्हणजे मातीचा नमुना, आणि श्रमाच्या इतिहासातले डिलानो म्हणजे ती माती रोज श्वासात घेणारी माणसे. हे दोन इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत छापले जातात.

धूळ मात्र पुस्तकांच्या सीमा पाळत नाही. डिसेंबर १९७७ मध्ये बेकर्सफील्डच्या परिसरातून उठलेल्या वादळाने खोऱ्याची माती शेकडो किलोमीटर उत्तरेला सॅक्रामेंटोपर्यंत नेली. जेथे हा रोग क्वचितच दिसे, तेथे शंभराहून अधिक रुग्ण निघाले. तेथील प्राणिसंग्रहालयातील एक गोरिलाही त्यात मेला. जानेवारी १९९४ मध्ये नॉर्थरिजच्या भूकंपाने डोंगरांचे कडे कोसळले, धुळीचे लोट उठले, आणि व्हेंचुरा जिल्ह्यात २०३ जण आजारी पडले, तिघे दगावले. भूतकाळ उकरणाऱ्यांनाही या मातीने सोडले नाही. १९७० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात उत्खनन करणारे पुरातत्त्वाचे विद्यार्थी आणि २००१ मध्ये युटा राज्यातील डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकात काम करणारे दहा जण या रोगाला बळी पडले. इतिहास मातीखाली असतो असे आपण सहज म्हणतो. मातीत केवळ इतिहास नसतो, याचे भान असावे.

पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅलिफोर्नियाने नवे तुरुंग उभारले, त्यांपैकी ॲव्हेनाल व प्लेझंट व्हॅली हे ऐन या खोऱ्यात. तेथील कैद्यांत रोगाचे प्रमाण आसपासच्या वस्तीपेक्षा कितीतरी अधिक आढळले. कैदी खिडकी लावून घेऊ शकतो, गाव सोडू शकत नाही. अखेर जून २०१३ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने आदेश दिला की कृष्णवर्णीय, फिलिपिनो व इतर अधिक धोक्याच्या कैद्यांना या दोन तुरुंगांतून हलवावे. त्याच सुमारास, २०११ ते २०१४ या काळात, सॅन लुइस ओबिस्पो जिल्ह्यात सौर ऊर्जेचे विशाल प्रकल्प उभारणारे ४४ कामगार आजारी पडले. स्वच्छ ऊर्जेसाठी उकरलेली जमीनही जमीनच असते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की अधिक प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांतील बांधकाम कामगारांना या रोगाची माहिती व प्रतिबंधाचे प्रशिक्षण द्यावे. वैमानिकांच्या मैदानावर गवत लावण्यापासून बांधकाम मजुराला नुसती माहिती देण्यापर्यंत पाऊण शतक गेले. तो कायदाही बांधकामापुरता होता.

आमच्या मते या रोगाच्या इतिहासातील तिसरी चूक ही आहे, आणि ती नावात नाही. रोग समजला की तो आटोक्यात आला, असे मानण्याची ती चूक आहे. पहिल्या दोन चुका अज्ञानाच्या होत्या. त्या प्रामाणिक माणसांनी केल्या आणि प्रामाणिक माणसांनीच सुधारल्या. तिसरी चूक ज्ञान असताना झाली. कोणाच्या फुप्फुसासाठी गवत लावायचे, हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली सुटत नाही.

दरम्यान उपचार सुधारले. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून १९५० च्या दशकात ॲम्फोटेरिसिन बी हे औषध मिळाले. मातीतल्या रोगाला मातीनेच उतारा दिला. पुढे फ्लुकोनाझोलसारखी, गोळीच्या रूपात घेता येणारी औषधे आली. माणसांसाठी लस मात्र अद्याप नाही, आणि रुग्ण वाढत आहेत. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये बारा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. ओले वर्ष आणि त्यामागोमाग कोरडे वर्ष, असा क्रम आला की बुरशी आधी वाढते आणि मग उडते. हवामानाचे हेलकावे जसे तीव्र होत आहेत, तशी तिची सोय होत आहे. दूर उत्तरेकडे, वॉशिंग्टन राज्याच्या मातीतही ती आता सापडली आहे.

मराठी वाचकाला या सगळ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. भारताच्या मातीत या बुरशीचे वास्तव्य आढळलेले नाही. येथे नोंदले गेलेले मोजके रुग्ण बहुतांशी बाहेरून परतलेले आहेत. परंतु अमेरिकेतील या रोगाचा सर्वांत मोठा भार ज्या महानगरावर आहे ते म्हणजे ॲरिझोनातील फीनिक्स, आणि तेथे आज बरीच मराठी कुटुंबे नांदत आहेत. मुलांकडे चार-सहा महिने राहून परतलेल्या आई-वडिलांना खोकला लागला, वजन उतरले, रात्री घाम येऊ लागला, आणि क्ष-किरण चित्रात फुप्फुसावर डाग दिसला, तर आपल्याकडचा कोणताही डॉक्टर प्रथम क्षयाचा विचार करील. त्यात त्याची चूक नाही. आपल्या देशात तोच विचार प्रथम यायला हवा. पण क्षयाच्या औषधांनी गुण येईना, थुंकीत क्षयाचे जंतू सापडेनात, तर एक प्रश्न विचारला जावा: अलीकडे कोठे राहून आलात? आणि तो विचारला गेला नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.

२००२ साली संशोधकांना आढळले की ही बुरशी एक नसून तिच्या दोन जाती आहेत. कॅलिफोर्नियाकडील जातीकडे 'इमिटिस' हे जुने नाव राहिले. ॲरिझोनापासून दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेल्या दुसऱ्या जातीला 'पोसादासी' असे नाव मिळाले. ज्याने तिला चुकून प्राणी ठरवले, त्याच विद्यार्थ्याच्या नावाने ती आता ओळखली जाते. आम्हाला हे उचित वाटते. त्याने चूक केली, परंतु सहा वर्षे त्या एका सैनिकाकडे पाठ फिरवली नाही. शेतमजुरांनी ठेवलेले 'खोऱ्यातला ताप' हे नाव मात्र कोणत्याही शास्त्रीय सूचीत नाही. तरी रुग्णाला आणि डॉक्टरला उपयोगी पडणारी गोष्ट त्याच नावात आहे: हा रोग कोणता, हे कळण्याआधी तो कोठला, हे विचारावे लागते.